पावसाळ्यात तपासलेला स्वस्त गेमपॅड : गोव्यातील माशेल येथील प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आमच्या वाड्यावरील वाचनालयात एक जुना लॅपटॉप आहे. पावसामुळे मैदान बंद झाले की संध्याकाळी सात-आठ मुले त्याच्याभोवती जमतात आणि अभ्यास आटोपल्यावर त्यांना तासभर खेळण्याची परवानगी असते. गेल्या आठवड्यात त्यांच्यात रोज एकाच कारणावरून भांडण झाले. दोघे मिळून एका कीबोर्डवर गाड्यांची शर्यत खेळत असताना एकाची कळ दाबूनही लागत नाही, आणि तो दुसऱ्यावर "तू मुद्दाम करतोस" असा आळ घेतो.

मुलांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात, आणि जाळीतील एकाच चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या गेल्या की चौथ्या कोपऱ्यावरची कळही दाबली गेल्याचा भास आतील चिपला होतो. नको ते अक्षर उमटू नये म्हणून बहुतेक साधे कीबोर्ड अशा वेळी तिसरी कळच नाकारतात. एक मुलगा वेग आणि वळण अशा दोन कळा धरून बसला असेल, तर दुसऱ्याची कळ वाया जाण्याची शक्यता त्यामुळे खूपच वाढते. लिहिण्यासाठी बनवलेल्या साधनाकडून दोघांच्या शर्यतीची अपेक्षा करणे त्या साधनावरही अन्यायकारक आहे.

वाचनालयाच्या समितीने या कामासाठी ५,००० रुपये दिले आहेत. चार गेमपॅड, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळ चालवायची साधने, एकदम मागवावेत असे बहुतेकांचे म्हणणे होते. मी एकच मागवून तो चतुर्थीपर्यंत, म्हणजे २७ ऑगस्टपर्यंत, वापरून पाहू आणि मगच उरलेले पैसे खर्च करू असे सुचवले, व ते मान्य झाले. स्वस्त गेमपॅड पहिल्या दिवशी चांगलाच चालतो, तेव्हा पहिल्या दिवशीच्या अनुभवाला मी फारसे महत्त्व देणार नाही. माशेलच्या पावसाळी हवेत आणि मुलांच्या हातांत दोन महिने काढल्यावर त्याची स्टिक, म्हणजे अंगठ्याने हलवायची दांडी, सोडल्यानंतर मधोमध परत येते की नाही, हे मला पाहायचे आहे.

१५ जून, रविवार

पॅड काल संध्याकाळी आला. किंमत १,०९९ रुपये, वायरचा, वायर सुमारे दोन मीटर. स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन वायर सोडून १९० ग्रॅम भरले. हातात धरल्यावर प्लॅस्टिक पोकळ वाटते, पण जोडाच्या कडा बोटांना टोचत नाहीत, आणि बारा वर्षांच्या माझ्या भाच्याची बोटे ट्रिगरपर्यंत, म्हणजे पुढच्या कडेवरील तर्जनीच्या बटणांपर्यंत, सहज पोचतात.

जोडल्यावर विंडोजने तो लगेच ओळखला, तरी खेळाने मात्र ओळखला नाही. माहितीपत्रक बारीक अक्षरांत आणि अर्धवट होते. मधले बटण पाच सेकंद दाबून धरल्यावर दिव्याचा रंग बदलला आणि खेळ सुरू झाला. असे पॅड दोन भाषा बोलतात. डायरेक्टइनपुट ही विंडोजची जुनी पद्धत आहे, आणि एक्सइनपुट ही मायक्रोसॉफ्टने २००५ च्या एक्सबॉक्स ३६० च्या काळात आणलेली नवी पद्धत. जुन्या पद्धतीत पॅड फक्त "माझ्याकडे इतकी बटणे व इतके अक्ष आहेत" एवढेच सांगतो (अक्ष म्हणजे आडवी किंवा उभी अशी हालचालीची एक दिशा), त्यामुळे कोणते बटण कशासाठी हे प्रत्येक खेळात बसून ठरवावे लागते. नव्या पद्धतीत बटणांची नावे आणि जागा आधीच ठरलेल्या असल्याने अलीकडचे बहुतेक खेळ तिचीच अपेक्षा धरतात. पॅड "बिघडलेला" म्हणून परत पाठवण्यापूर्वी प्रत्येकाने ही अदलाबदल एकदा करून पाहावी.

आणखी एक फसवी गोष्ट येथेच नोंदवतो. विंडोजमधील गेम कंट्रोलर तपासण्याच्या जुन्या चौकटीत एक्सइनपुटवर असलेल्या पॅडचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर दिसतात. डावा दाबला की रेघ एकीकडे सरकते, उजवा दाबला की दुसरीकडे, आणि दोन्ही पूर्ण दाबले की ती मध्यावर येऊन थांबते. हे पाहून मीही क्षणभर ट्रिगर खराब आहेत असे धरून चाललो होतो. दोष त्या जुन्या चौकटीच्या रचनेत आहे. एक्सइनपुट थेट वाचणाऱ्या खेळाला दोन्ही ट्रिगर वेगवेगळे, प्रत्येकी ० ते २५५ या मोजमापात मिळतात.

२२ जून, रविवार

आज शांतपणे मोजमापाला बसलो. लॅपटॉपवर लिनक्सही आहे, आणि त्यात अशा पॅडसाठी लागणारा एक्सपॅड हा ड्रायव्हर, म्हणजे पॅडची भाषा संगणकाला समजावणारा प्रोग्रॅम, मुळातच असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागले नाही. ईव्हीटेस्ट नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये स्टिकच्या प्रत्येक अक्षाचा आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या मर्यादेत थेट वाचता येतो. मधोमध सोडलेल्या स्टिकचा आकडा शून्याजवळ असायला हवा.

पद्धत अशी ठेवली : स्टिक एका दिशेला पूर्ण ढकलायची, अंगठा अलगद बाजूला घ्यायचा, आकडा स्थिरावला की वहीत लिहायचा. चार दिशा, प्रत्येक दिशेने वीस वेळा, दोन्ही स्टिकसाठी. एकूण १६० नोंदी झाल्या. अंगठा झटकन सोडला तर स्प्रिंग स्टिकला जोराने मध्याकडे फेकते आणि आकडा चांगला येतो. खेळताना मात्र मुले अंगठा सावकाश सैल करतात, म्हणून मीही तसाच सोडला. डाव्या स्टिकचे सर्वांत मोठे विचलन १,४१२ निघाले, म्हणजे मध्यापासून काठापर्यंतच्या पल्ल्याच्या ४.३ टक्के, आणि उजव्या स्टिकचे २,०६०, म्हणजे ६.३ टक्के.

हे वाईट आहे का? मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट वापरणाऱ्या प्रोग्रॅमरांसाठी डाव्या स्टिकला ७,८४९ आणि उजव्या स्टिकला ८,६८९ इतके डेडझोन सुचवलेले आहे. डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा भाग, ज्यातील हालचाल खेळाने शून्य मानायची. पल्ल्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा असा सोडून द्यावा असे खुद्द पद्धत घालून देणाऱ्यांनीच म्हटले आहे, त्या अर्थी स्टिक पूर्ण मध्यावर येणार नाही हे त्यांनी गृहीतच धरले होते. त्या हिशेबात माझा पॅड सुरक्षित आहे. पण प्रत्येक खेळ तेवढे डेडझोन ठेवतो असे नाही, कारण ते वाढवले की हलकेसे वळण घेणे अशक्य होते.

एक दोष मात्र आजच दिसला. स्टिक तिरकी, उजव्या-वरच्या कोपऱ्याकडे ढकलली की दोन्ही अक्ष आपापल्या दिशेची पूर्ण मर्यादा दाखवतात. स्टिकची खोबण गोल आहे, तेव्हा तिरक्या दिशेला प्रत्येक अक्ष सुमारे २३,१७० वर थांबायला हवा. आतील चिप आकडे ताणून मोठे करते, म्हणजे काठाच्या बऱ्याच अलीकडेच पॅड "पूर्ण" म्हणू लागतो आणि अंगठ्याचा बारकावा वाया जातो. शर्यतीच्या खेळात हे जाणवणार नाही. जिथे माणूस चालवायचा असतो, तिथे मात्र तिरके चालणे विनाकारण वेगवान होऊ शकते.

२९ जून, रविवार

विलंब मोजला. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे ४.२ मिलिसेकंद. अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत धरून बटण खाली बसल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतची चित्रे मोजली. कीबोर्डचे पंचवीस दाब, पॅडचे पंचवीस दाब. कीबोर्डची सरासरी १७ चित्रे आली आणि पॅडची १८. पॅड संगणकाला दर आठ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा, आपली स्थिती कळवतो. साठ चित्रांच्या पडद्यावर एकच चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे एवढ्या फरकाने कोणी शर्यत हरणार नाही. सेकंदाला हजार वेळा स्थिती कळवणाऱ्या पॅडसाठी आमच्या कामात जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

डी-पॅड, म्हणजे डावीकडचे अधिकचिन्हाच्या आकाराचे बटण, यापेक्षा कमजोर आहे. ही रचना निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या एका हातातल्या खेळयंत्रासाठी केली, आणि तिचे मर्म मधल्या टेकूत आहे : एक बाजू दाबली की समोरची वर उचलली जाते, त्यामुळे उलट दिशा चुकूनही लागत नाही. या पॅडमध्ये टेकू बुटका आहे. "वर" पन्नास वेळा दाबल्यावर सहा वेळा "वर आणि उजवे" असे दोन्ही लागले. उड्या मारण्याच्या खेळात हे त्रासदायक ठरेल.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. दिवसभर धो धो पाऊस आणि दुपारनंतर वीज नव्हती. काम झाले नाही. पॅड वाचनालयात उघड्या टेबलावरच राहिला होता, तो रात्री घरी आणला. वायरच्या टोकाला हात लावला तर ओलसर लागत होते.

१२ जुलै, शनिवार

मुलांना पॅड देऊन आज तीन आठवडे झाले. ती सुपरटक्सकार्ट खेळतात. हा मोफत, मुक्त स्रोताचा शर्यतीचा खेळ आहे आणि त्यात पडद्याचे भाग पाडून अनेकांना एकाच यंत्रावर खेळता येते. आज संध्याकाळी भाचा दोन्ही हात वर करून म्हणाला, "मामा, बघ, मी हात लावला नाही, तरी गाडी आपणच डावीकडे जाते." खरोखरच गाडी हळूहळू कुंपणाकडे सरकत होती आणि पॅड टेबलावर एकटा पडून होता.

घरी येऊन मोजले. डावी स्टिक उणे ४,८७० वर स्थिरावत होती, म्हणजे १४.९ टक्के. तीन आठवड्यांपूर्वी ४.३ टक्के होते. एवढ्या विचलनाने जर गाडी वळत असेल, तर या खेळातील डेडझोन त्याहून लहान आहे हे उघड आहे. उजव्या स्टिकमध्ये फारसा बदल नव्हता, आणि हाच पुढच्या तपासाचा धागा आहे : शर्यतीत मुले सगळा वेळ डावीच स्टिक वापरतात. दमट हवा दोन्ही स्टिकना सारखीच लागते, झीज मात्र वापराच्या बाजूलाच होते.

१५ जुलै, मंगळवार

तरीही ओलाव्याचा संशय पूर्ण फेडून घ्यायचा म्हणून पॅड अडीच दिवस झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला होता. खोलीतील आर्द्रतामापक ८९ टक्के दाखवत होता, डब्यातील ४१. बाहेर काढून लगेच मोजल्यावर आकडा उणे ४,६४० आला. फरक नगण्य आहे, म्हणजे ओलावा हे मुख्य कारण नाही. कोरड्या डब्याची सवय मात्र ठेवायला हवी, कारण यूएसबीच्या टोकावर हिरवट डाग दिसू लागला आहे.

१९ जुलै, शनिवार

पॅड उघडला. मागच्या बाजूला चार स्क्रू, आणि पाचवा स्टिकरखाली लपवलेला. तो दिसला नसता तर झाकण ओढताना तुटले असते.

आत दोन्ही मोटरी दिसल्या. डावीकडचीला मोठे वजन, उजवीकडचीला लहान, दोन्ही वजने दांड्याच्या एकाच बाजूला बसवलेली, म्हणून त्या फिरल्या की पॅड थरथरतो. डाव्या स्टिकच्या दोन बाजूंना दोन चपट्या हिरव्या डब्या असतात, त्या पोटेन्शिओमीटरच्या. त्यातली आडव्या हालचालीची डबी चिमट्याने अलगद उघडली. आत कार्बनचा काळा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी पितळी जीभ. स्टिक हलली की जीभ पट्ट्यावरून सरकते, रोध बदलतो, आणि त्यावरून चिप जागा ओळखते. जीभ ज्या मधल्या भागावर सतत ये-जा करते, तिथे पट्ट्यावर भिंगातून बारीक चकचकीत चर दिसला, आणि त्याच्या कडेला टाल्कम पावडरीसारखी काळी भुकटी साचलेली होती. तीन आठवड्यांची, रोज तासाभराची ही झीज.

पणजीतील अठरा जून रस्त्यावरून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणले होते. कापसाच्या काडीच्या टोकावर थेंबभर घेऊन पट्टा पुसला, काडी काळी झाली. वाळू दिले, बंद केले, मोजले : उणे १,५८०. सुधारणा मोठी आहे, पण चर काही भरून निघालेला नाही. घासणाऱ्या दोन भागांवर जोपर्यंत ही रचना उभी आहे, तोपर्यंत हे पुन्हा होणार.

न घासणारा पर्याय उपलब्ध आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकातून वीज वाहत असताना तिच्या आडव्या दिशेला लहानसा विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवले. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये दांड्याला चुंबक असतो आणि समोर, स्पर्श न करता, संवेदक. चुंबक हलला की तो दाब बदलतो. पट्टा नाही, जीभ नाही, भुकटी नाही. अशा स्टिकचा एक वायरचा पॅड १,८४९ रुपयांना मिळतो आहे. समितीच्या अध्यक्षांना फोन करून परवानगी घेतली आणि तो मागवला. "आधीच्यापेक्षा साडेसातशे जास्त कशाला?" असे त्यांनी विचारले. भुकटी लागलेली कापसाची काडी मी कागदात गुंडाळून ठेवली आहे, ती उद्या त्यांना दाखवीन.

२ ऑगस्ट, शनिवार

हॉल इफेक्टचा पॅड २४ जुलैला आला. पहिल्या मोजणीत सर्वांत मोठे विचलन ५९० होते. मुलांना तो त्याच दिवशी दिला आणि जुना पॅडही बाजूला ठेवला नाही. पाळ्या लावून दोन्हींवर सारखाच वेळ खेळ होईल असे पाहिले. आज नवा पॅड ६०५ वर आहे, जुना पुन्हा उणे २,७१० वर गेला आहे.

चुंबकाच्या नावावर सगळेच चांगले होते असे कोणी समजू नये. नव्या पॅडची स्प्रिंग जास्त ताठ आहे, आठ वर्षांच्या एका मुलीचा अंगठा अर्ध्या तासात दुखू लागला. स्प्रिंग सैल पडली तर चुंबकसुद्धा मध्यावर परतणार नाही, कारण परत आणण्याचे काम स्प्रिंगचेच आहे आणि संवेदक फक्त जागा सांगतो.

जुन्या पॅडचे खालचे बटण चिकटू लागले होते. भज्यांचे तेल. बटणाखाली रबराची चादर असते आणि तिच्या पोटाशी कार्बनची टिकली. टिकली खालच्या पट्ट्यांना टेकली की बटण लागते. तेल कडेने उतरून बटणाच्या भोकात जमले होते, टिकलीपर्यंत पोचले नव्हते. पुसून काढले. आता खेळापूर्वी हात धुण्याचा नियम केला आहे आणि तो मुलांनीच फळ्यावर लिहिला आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

चतुर्थी दहा दिवसांवर आली. घरोघरी साफसफाई आणि माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या मांडवाच्या) सामानाची जुळवाजुळव चालू आहे, त्यामुळे समितीची बैठक पंधरा मिनिटांत उरकली. मी वही पुढे ठेवली. नवा पॅड तीन आठवड्यांनंतर ६२० वर. जुना, मधे आणखी एकदा पुसूनही, उणे ३,१०० वर.

दोन पॅडचे मिळून २,९४८ रुपये खर्च झाले, २,०५२ उरले. त्यात साध्या प्रकारचा आणखी एक पॅड घेऊन वर ९५३ रुपये शिल्लक ठेवता आले असते. मी हॉल इफेक्टचा दुसरा पॅड घ्यावा असे सांगितले. त्याचे १,८४९ जाऊन २०३ रुपये उरतात, आणि तेवढ्यात सिलिका जेल व अल्कोहोलची बाटली येते. "मग चार मुलांचे काय? पॅड तीनच होतात," असे एका सदस्याने विचारले. प्रश्न योग्य होता. चौथा खेळाडू कीबोर्डवर बसेल. कीबोर्डवर एकटाच असल्यावर दोन-तीन कळांपलीकडे कधी जावे लागत नाही, आणि त्या कळा मी जाळीवर एकमेकींच्या आड न येणाऱ्या निवडून, तपासून ठरवल्या आहेत. जूनमध्ये ज्या कळीवरून भांडण झाले, ती त्यात नाही. ठराव संमत झाला.

जुना पॅड फेकायचा नाही. ज्या खेळांत फक्त बटणे लागतात, त्यांसाठी तो चांगला आहे, आणि शर्यतीसाठी त्याचे डेडझोन २० टक्क्यांवर नेले की गाडी सरळ चालते. हलके वळण तेवढे त्यावर जमत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

तिसरा पॅड शुक्रवारी आला. तिन्ही पॅड झाकणाच्या डब्यात, वायरी सैल गुंडाळून ठेवले आहेत. वायर पॅडभोवती घट्ट आवळली की ती मुळाशीच तुटते, हे मुलांना करून दाखवले. थरथर बंद ठेवली आहे, कारण तिन्ही पॅड एकाच साध्या यूएसबी हबवर आहेत आणि यूएसबी २.० च्या एका पोर्टकडून ५०० मिलिअ‍ॅम्पिअरच मिळतात. तिन्हींच्या मोटरी एकदम फिरल्या तर तो भार हबने उचलावा अशी अपेक्षा मी धरणार नाही.

दर रविवारी तिन्ही पॅडचे आकडे वहीत लिहायचे ठरले आहे. आज भाच्याने स्वतः ईव्हीटेस्ट चालू केला, स्टिक डावीकडे ढकलून अंगठा अलगद सैल केला आणि आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून थांबला. वहीच्या नव्या पानावर त्याने क्रमांक तीनच्या पॅडसमोर ५७५ लिहिले, मग क्षणभर विचार करून शेजारी दिशाही लिहिली, आणि पुढच्या पॅडची वायर जोडायला घेतली.